वरून आलेली ओल

दुपारच्या घरात कुठेच काही हलत नव्हतं आणि तेवढ्यात आतल्या खोलीत काहीतरी खुळखुळलं. एकदा. मग जरा थांबून दोनदा.

मी कपड्यांच्या घड्या घालत होते. हातातला फ्रॉक तसाच राहिला. हा आवाज कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता, पण ओळखायला क्षणही लागला नाही.

“जुई, काय घेतलंस?”

“काही नाही गं. शेजारच्या आंबेकर काकूंचा डबा परत द्यायचाय ना, त्यात घालायला काहीतरी शोधतेय.”

“मग कपाटाच्या खणात काय शोधतेस? स्वयंपाकघरात बघ. चार खजूर घाल.”

ती बाहेर आली ती मूठ मिटूनच. उघडली. तळहातावर काळी, लिंबाएवढी वस्तू, खाली आटे पाडलेले. तिने ती कानाशी धरून हलवली.

“याच्यात गोळी आहे. हे काय आहे, आई?”

“एअर व्हॉल्व्ह. तू बाळ होतीस तेव्हा तुझा खुळखुळा होता.”

“बाबांनी आणलेला?”

“नाही. दुसऱ्या एका बाबांनी. म्हाताऱ्या.”

“कोण ते?”

“आधी काकूंचा डबा देऊन ये,” मी म्हणाले. “मग सांगते.”

ती गेली. व्हॉल्व्ह माझ्याकडे राहिला.

तेव्हा जुई नऊ महिन्यांची होती आणि मी कामावर परत जाऊन तीनच आठवडे झाले होते. आमची कंपनी ठिबक सिंचनाची. नाशिकच्या आसपासच्या द्राक्षबागा, डाळिंबं, थोडा ऊस. मी आराखडे काढायचे. बाळंतपणानंतर परत गेले तेव्हा आमचे मालक पाठकसर डोळ्याला डोळा न देता म्हणाले, “शलाका, तुझी जागा आहे गं. पण तिच्यावर आता दुसरं कोणी बसलंय. एक काम आलंय, ते घ्यायला कोणी तयार नाही. तेवढं जमवून दाखव, मग तुझं कायमचं बघू.”

ते काम घोटीच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीतल्या एका गोल्फच्या मैदानावर होतं.

“गवताला ठिबक?” सासूबाई म्हणाल्या. मांडीवर जुई होती. “अगं, गवत तर नको म्हटलं तरी येतं.”

मैदानावर चेंडू घालायचे अठरा खळगे, म्हणजे होल; त्यांतल्या सातव्या होलच्या उतारावर मात्र ते येत नव्हतं. त्या उताराच्या पायथ्याशी बंकर होता, म्हणजे खेळणाऱ्याची परीक्षा बघायला मुद्दाम केलेला वाळूचा खड्डा. उतार इतका खडा, की गवत कापायचं मशीन वरून दोरीला बांधून सोडत. तोंड पश्चिमेला, दुपारपासून संध्याकाळपर्यंत ऊन नुसतं त्याच्यावरच. फवारे लावले तर निम्मं पाणी घाटातला वारा उडवून नेई आणि उरलेलं गवतावरून घसरून खाली वाळूत जाई. वाळूचा चिखल झाला की खेळणारे ओरडत, आणि उतार तहानलेला तो तहानलेलाच. मैदानावरचे असे सगळे उतार गेली बावीस वर्षं सहा माणसं हातात पाईप धरून जगवत होती. त्यांना तिथे होजवाले म्हणत.

आता मैदानाच्या कमिटीला तिथे ठिबक जमिनीत गाडून बघायचं होतं. पाच इंच खोल, फूटफूट अंतरावर आडव्या नळ्या, नळीला दर फुटावर थेंब सोडणारं छिद्र. वर काही दिसणार नाही, वारा काही नेणार नाही. पाणी थेट मुळाशी. पंचेचाळीस दिवसांची चाचणी, मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या शेवटापर्यंत. उतार हिरवा राहिला तर अठराही होलचं काम आमच्या कंपनीला. आणि माझी जागा मला, हे मी मनातल्या मनात जोडून घेतलं होतं.

पहिल्या दिवशी मैदानाचे व्यवस्थापक खरोटे साहेब यांनी उताराच्या चारी कोपऱ्यांत लाल झेंड्या रोवल्या आणि सहाही होजवाल्यांना ओळीत उभं केलं.

“या झेंड्यांच्या आत ज्याचा पाईप दिसेल, त्याने पाईप तिथेच ठेवायचा आणि घरी जायचं. कायमचं. कळलं का?”

पाच जणांनी माना हलवल्या. सहावे, सगळ्यांत म्हातारे, काटक, डोक्याला विटका रुमाल बांधलेले, म्हणाले, “सायेब, पाईप घेऊन घरी गेलं तर नाय का चालायचं? घरचा फाटलाय.”

सगळे हसले. खरोटेसुद्धा. हे कोंडाजीबाबा बेंडकोळी. जवळच्याच एका पाड्यावरचे.

माझे ते दिवस कसे गेले हे मला आजही नीट आठवत नाही. आठवते ती नुसती घाई. सकाळी सातला जुईला पाजून निघायचं, कंपनीची जुनी गाडी दामटायची, नऊपर्यंत मैदानावर. पाण्याच्या मीटरचा आकडा वहीत. मग मातीत बोट घालून बघ, फिल्टर उघडून बघ, उतार खालून बघ, वरून बघ. बसवत नसे. अकरा वाजले की ब्लाउज दगडासारखा. मैदानाच्या त्या पॉश इमारतीत बायकांसाठी खोली होती, पण ती सभासदांच्या बायकांसाठी. मी पंपघरात जायचे. फिल्टरच्या टाकीमागे उलटी बादली ठेवून बसायचे आणि हातात मावणाऱ्या छोट्या पंपाने दूध काढायचे. दाराला कडी नव्हती.

तिसऱ्या दिवशी बाहेर खरोटेंचा आवाज आला. मी बादलीवर आवळून बसले.

“काय रे कोंडाजी, दारात काय उभा राहिलायस? बाजूला हो, मला मोटर बघायचीय.”

“जाऊ नगा सायेब. आत घोणस हाये.”

“घोणस? मग मार की!”

“नाय मारायची. लेकुरवाळी हाये ती.”

“आता हिला लेकरं आहेत हे तुला कोणी सांगितलं?”

“दिसतंय की. सायेब, अर्ध्या तासानं या. ऊन चढलं की जाती ती आपसूक.”

बूट लांब गेले. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. बाहेर आले तेव्हा कोंडाजीबाबा पाठ करून पाईप गुंडाळत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “घरी कोण बघतं लेकराला?”

“सासूबाई.”

“मंग बरंय.”

तेव्हापासून रोज अकराला पंपघरात घोणस निघू लागली. खरोटे दोनदा तिला मारायला काठी घेऊनही आले, पण बाबा कधी दाराशी पाणी मारत, कधी नुसते उकिडवे बसून विडी ओढत, आणि खरोटे परत जात.

एकदा सासूबाईंचा फोन आला. जुई बाटली तोंडात धरत नव्हती, सकाळपासून रडत होती. मी डबा उघडलाच नाही. निघताना तो बाबांच्या हातात दिला, “खाऊन टाका, नाहीतर वाया जाईल,” म्हटलं आणि गाडीत बसले. दुसऱ्या दिवशी डबा माझ्या वहीशेजारी ठेवलेला होता, घासून लख्ख. हातात घेतला तर जड. आत करवंदं होती, काळीभोर, पानांवर ठेवलेली.

“हे कशाला, बाबा?”

“रिकामा डबा परत देत्यात व्हय?”

उतार हिरवा होता. पंधराव्या दिवशी हिरवा, विसाव्या दिवशी हिरवा. आजूबाजूची टेकाडं एप्रिलच्या उन्हाने करपत गेली तसा तो आणखीच उठून दिसायला लागला. खेळणारे थांबून बघत. पाठकसरांनी फोनवर फोटो मागवला आणि म्हणाले, “शाब्बास. मी तुझ्या जागेवरच्या त्या पोराला दुसरं टेबल बघायला सांगतो.”

फक्त मीटर काहीतरी वेगळं सांगत होता. सुरुवातीला रोज साधारण नऊशे लिटर जात. मग साडेआठशे. मग साडेसातशे. पंप तेवढाच वेळ चालत होता. मी फिल्टर धुतला. मीटर बिघडला असेल म्हणून मीटर बदलला. नवा मीटर सहाशे दाखवू लागला. तिसरा हिस्सा पाणी कुठेच जात नव्हतं, आणि तरी गवत वरपासून खालपर्यंत हिरवंगार. हे चांगलंच आहे की, असं मी स्वतःला सांगत होते. कमी पाण्यात तेवढंच गवत. पण घरी जुईला थोपटता थोपटता हात मध्येच थांबायचा.

कमिटी यायच्या चार दिवस आधी, मंगळवारी, मी खुरपं घेतलं आणि उताराच्या अगदी माथ्यावर बसले. गवताचा एक चौकोन कापून उचलला. माती ओली होती. बरं वाटलं. मग बोटाने खाली उकरत गेले. एक इंच ओली. दोन इंच ओली. तिसऱ्या इंचाला माती फिकी. पाचव्या इंचाला नळी लागली आणि तिच्याभोवतीची माती भुरभुरीत कोरडी होती.

वरची ओली आणि खालची कोरडी माती मी दोन तळहातांवर शेजारी शेजारी धरली.

नळी गाडलेली असली की ओल खालून वर येते. ही ओल वरून आलेली होती.

नळीचा तुकडा कापला. छिद्रात तांबडा गाळ गच्च बसला होता, शिक्क्यासारखा. आणखी खाली दोन ठिकाणी उकरलं. उताराच्या वरच्या एक-तृतीयांश भागातल्या सगळ्या नळ्या बुजल्या होत्या. आणि मग मला माझी चूक दिसली. इतकी साधी, की कोणाला सांगायची लाज वाटावी. द्राक्षबागेत नळी जमिनीवर पडलेली असते आणि जमीन सपाट. पंप थांबला की ती हवा घेते, कोणाचं काही बिघडत नाही. उतारावर गाडलेल्या नळ्यांतलं पाणी पंप थांबला की खाली ओढलं जातं, आणि वरच्या नळ्या मग जे मिळेल ते आत खेचतात. हवा मिळाली नाही तर चिखल. म्हणून माथ्यावर हवा घेणारा एक व्हॉल्व्ह बसवावा लागतो, लिंबाएवढा. माझ्या आराखड्यात तो नव्हताच. पाच वर्षं द्राक्षं केलेल्या हाताला तो आठवलाच नव्हता.

म्हणजे ते गवत पंधरा दिवसांपूर्वीच मरायला हवं होतं.

बुधवारी मी जुईला झोपेतच पाजलं आणि पहाटे चारला घर सोडलं. मैदानावर पोचले तेव्हा नुकतं फटफटलं होतं. गाडी लांब उभी करून चालत गेले. झेंड्यांच्या आत, उताराच्या माथ्यावर, कोंडाजीबाबा उभे होते. पाईपच्या तोंडाला त्यांनी गोणपाटाचा तुकडा बांधला होता, त्यामुळे पाणी धारेने न पडता पाझरत होतं. ते एक पट्टा भिजवत, मग पुढे सरकत, मग ते पाणी मुरेपर्यंत परत पहिल्या पट्ट्याशी येत. एक थेंब वाळूत जात नव्हता.

मला बघून त्यांनी पाईप लपवला नाही. हातातला पट्टा पुरा केला, नळ बंद केला आणि मग रुमालाला हात पुसले.

“लई लवकर आला, ताई.”

“किती दिवस चाललंय हे, बाबा?”

“झालं आसतील पंधरा-सोळा.”

“कोणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगतंय कोण? वरचं गवत निळं पडाया लागलं व्हतं. मरायच्या आधी गवत निळं पडतं. त्याच्यावर पाय ठेवला का पाय उचलला तरी पावलाचा ठसा तसाच ऱ्हातो. जित्या गवतात ऱ्हात नाय.”

“मला का नाही सांगितलंत?”

त्यांनी गोणपाटाचा तुकडा सोडून पिळला. “तुमी रोज तो आकडा लिवायच्या आन् हसायच्या. मला वाटलं, हुईल दुरुस्त आपसूक. आन् घरी लेकरू बारीक.”

“खरोटेंनी बघितलं असतं तर?”

“ते आठच्या आत उठत नाय.”

“बाबा,” माझा आवाज चढला, “हे जमलं तर पाईप बंद होणार. तुमचा. सगळ्यांचा. माहीत आहे ना तुम्हाला?”

“खरोटे सायेब रोज सांगत्यात की.”

“मग?”

त्यांनी उताराकडे बघितलं. “मंग काय. गवताला काय ठावं त्यातलं?”

मी त्याच दिवशी नाशिकला जाऊन दोन एअर व्हॉल्व्ह आणले. गुरुवारी खरोटे जेवायला गेल्यावर बाबांनी माथ्यावर खड्डा खणला आणि मी एक व्हॉल्व्ह जोडला. दुसरा त्यांनी हातात घेतला, कानाशी धरला आणि हलवला.

“यात गोळी हाये?”

“हो. पाणी आलं की ती वर जाते आणि भोक बंद करते. पाणी थांबलं की खाली पडते आणि हवा आत घेते.”

“म्हंजी श्वास घेतो हा.” त्यांनी पुन्हा हलवला. “आन् एवढ्यासाठी समदं बुजलं?”

“एवढ्यासाठी.”

“मंग हा एक लेकीला न्या. खुळखुळा.” आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या पिशवीत टाकला.

नळ्यांची खालची तोंडं उघडून मी पाणी सोडलं. तांबडं पाणी आलं, मग गढूळ, मग नितळ. मीटर सातशेवर चढला आणि तिथेच थांबला. बुजलेली छिद्रं काही उघडली नाहीत. वरच्या नळ्या बदलायच्या तर सगळं गवत उचकटावं लागलं असतं आणि शनिवारी कमिटी येणार होती. उतार दोन दिवस पाण्यावाचून राहिला असता तर निळा पडला असता, तीन दिवसांत पिवळा.

बाबा खड्डा बुजवत होते. मी उभी राहून नखं कुरतडत होते.

“बाबा, शनिवारपर्यंत...”

त्यांनी माती पायाने दाबली, वर गवताचा चौकोन नीट बसवला.

“बरं,” ते म्हणाले.

शनिवारी सकाळी मी पिशवीत मीटरचे आकडे लिहिलेला कागद घेऊन गेले होते. त्यावर सगळं होतं: नऊशे, साडेआठशे, साडेसातशे, सहाशे. गाडीत वाक्यंही जुळवली होती. उताराचा वरचा भाग माझ्या चुकीमुळे बंद पडला, चूक सापडली आहे, दुरुस्त केली आहे, आणखी पंचेचाळीस दिवस द्या. त्या वाक्यांत कोंडाजीबाबा कुठे येणार हे मात्र जुळत नव्हतं.

कमिटीचे पाच जण आले. अध्यक्ष लुणावत शेठ, पांढरे बूट, हातात काठी. खरोटे पुढे पुढे. पाठकसर खास नाशिकहून आलेले, इस्त्रीच्या शर्टात. कोंडाजीबाबांना पाण्याचे जार आणायला लावलं होतं. ते आणून ठेवून थोडे बाजूला उभे होते, खांद्यावर पाईपचं वेटोळं.

लुणावत शेठनी काठी टेकत उताराच्या माथ्यावर पाऊल ठेवलं आणि उचललं. मी त्या जागेकडे बघत होते. ठसा उमटला, आणि बघता बघता गवताने पाठ ताठ केली.

“मी बावीस वर्षं इथे खेळतोय,” ते म्हणाले. “एप्रिलमध्ये हा उतार असा कधी पाहिला नाही. खरोटे, हे सगळं खालच्या नळ्यांवर?”

“सगळं, सर. मी स्वतः झेंड्या लावल्यात.”

“वरून हाताने पाणी अजिबात नाही?”

“मॅडमना विचारा ना.”

सगळे माझ्याकडे वळले. पिशवीत फोन थरथरत होता. अकरा वाजले होते, म्हणजे घरी जुईने बाटली परत ढकलली असणार. पाठकसर माझ्याकडे बघत होते आणि मान हळूहळू, कळेल न कळेलशी, खालीवर करत होते. पिशवीत कागद होता. पाच पावलांवर कोंडाजीबाबा होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. गवताकडे बघत होते.

“नाही,” मी म्हणाले.

“का हो बाबा,” लुणावत शेठ त्यांच्याकडे वळले, “तुम्ही तर इथले सगळ्यांत जुने. तुम्हाला काय वाटतं?”

“ताई म्हणत्यात ते बराबर हाये, शेठ. आमी कुणी हात बी नाय लावला.”

खरोटे खूश होऊन हसले. “आणि ती पंपघरातली घोणस? गेली का?”

“जाईल आता,” बाबा म्हणाले. “काम झालं तिचं.”

मी खरं बोलले असते तर खरोटेंनी त्यांना त्याच दुपारी पाईप ठेवून घरी पाठवलं असतं. हे वाक्य मी परत जाताना गाडीत मोठ्याने म्हणून पाहिलं. दोनदा. घरी पोचले तेव्हा जुई माझ्या खांद्यावर डोकं घासत होती आणि पाठकसरांचा मेसेज आला होता: सोमवारपासून तुझं टेबल खिडकीजवळचं.

पुढचं सगळं नीट झालं. मे महिन्यात कमिटीचं लक्ष दुसऱ्या होलवर गेलं तेव्हा मी सातव्याच्या वरच्या नळ्या गुपचूप बदलून घेतल्या. अठराही होलचे उतार दिवाळीपर्यंत पुरे झाले. प्रत्येकाच्या माथ्यावर मी स्वतः व्हॉल्व्ह बसवला, एकही विसरले नाही. ते गवत आजही हिरवं आहे आणि आज खरोखरच खालच्या पाण्यावर हिरवं आहे. मी वर्षातून एकदा जाऊन उकरून बघते. ओल खालून येते.

दिवाळीनंतर शेवटच्या तपासणीला गेले तेव्हा पंपघराला नवं दार होतं. कडीसकट.

“सहा होजवाल्यांचा एक केला, मॅडम,” खरोटे म्हणाले. “तुमची कृपा.”

“कोण ठेवला?”

“तो तरणा आहे ना, यशवंत. बाकीच्यांना कशाला बसवून ठेवायचं?”

“कोंडाजीबाबा?”

“त्याला तर गणपतीतच घरी पाठवला. त्याला कशाला शोधताय?”

मी शोधायला गेले. एकदा. करवंदांचा तो डबा मी त्या दिवशी लाडू भरून शेजारच्या सीटवर ठेवला होता. डांबरी रस्ता संपला आणि पुढे कच्चा रस्ता दोन बाजूंना फुटला. पाटी नव्हती. विचारायला कोणी दिसलं नाही. घड्याळात चार वाजले होते, जुई उठली असेल, दूध मागत असेल. मी गाडी वळवली. लाडू घरी आम्हीच खाल्ले.

दार ढकलून जुई आत आली, दोन्ही हात चिकट. काकूंनी तिला परत काहीतरी खायला घातलं होतं.

“दिला डबा. खजूर बघून काकू म्हणाल्या, शहाणी गं माझी.” ती माझ्या मांडीवरून व्हॉल्व्ह उचलून कानाशी हलवू लागली. “आता सांग. म्हातारे बाबा.”

मी सांगितलं. उताराचं सांगितलं, वाळूच्या खड्ड्याचं, पंपघरातल्या घोणशीचं. घोणस म्हणजे मीच हे कळल्यावर ती पोट धरून हसली. करवंदांचं सांगितलं. पाईपच्या तोंडाला बांधलेल्या गोणपाटाचं सांगितलं. बाबा सकाळी लवकर येऊन माझं गवत जगवत होते, एवढं सांगितलं. शनिवारचं सांगितलं नाही.

“रोज यायचे? कोणाला न सांगता?”

“रोज.”

“आणि करवंदं दिली. आणि हा खुळखुळा दिला. मला.”

“हो.”

तिने व्हॉल्व्ह माझ्या हातात ठेवला, वर आपली चिकट बोटं मिटली, आणि माझ्याकडे बघत विचारलं,

“मग आपण त्यांना काय दिलं?”